सुई कोणाच्या हातात द्यायची?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून पत्र आलं आहे. वय 27, जिनिंगच्या ऑफिसात काट्याच्या पावत्या लिहायचं काम. "मावशी, माझ्या हनुवटीवर आणि गळ्यावर जाड काळे केस येतात. एकोणिसाव्या वर्षापासून. दर आठ दिवसांनी थ्रेडिंग करते. उन्हासाठी बांधलेला स्कार्फ ऑफिसातही सोडत नाही. मागच्या वर्षी शहरात लेझरची चार सीटिंग केली, तर जबड्याखाली जिथं नुसती लव होती तिथंही केस जाड झाले. दोन सीटिंग उरलीत. आता तालुक्याची पार्लरवाली म्हणते, माझ्याकडे मशीन आहे, केस कायमचे जातात. नागपूरच्या एका क्लिनिकात फोन केला, ते इलेक्ट्रोलिसिस करतात, म्हणजे सुईतून वीज सोडून केसाचं मूळ मारतात, पैसे तासावर घेतात. आई म्हणते, कायले पायजे हे लफडं. एप्रिलमध्ये भावाचं लग्न आहे. कोणाकडे जाऊ?" आणि खाली, ता. क. म्हणून: पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते. दोन वर्षांपासून मेडिकलमधून आणलेली गोरेपणाची ट्यूब लावते. नाव छापू नका.

पोरी, तुझ्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी तू ता. क. मध्ये टाकल्यास. म्हणून तिथूनच सुरू करते. नागपूर की तालुका, ते त्यानंतर.

आधी ती ट्यूब. तिच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. जोडीला बहुतेक वेळा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, म्हणून बाया ती सोडत नाहीत. पुढे कातडी पातळ होते, उन्हात लाल होते, पुरळ येतं आणि चेहऱ्यावर केस वाढतात. हो, केस. ज्यांनी तू हैराण आहेस, त्यांनाच ही ट्यूब दोन वर्षं खतपाणी घालत असेल. एकोणिसाव्या वर्षी आलेले केस तिनं आणलेले नाहीत, पण भर घातली असेल. आणि जबड्याखालचे नवे केस लेझरचे किती नि ट्यूबचे किती, हे आता कोणालाच नेमकं सांगता येणार नाही. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम 2018 पासून आहे. आपल्याकडच्या दुकानात तो किती पाळला जातो, ते तुला मी सांगायला नको. फक्त एक ध्यानात ठेव: इतके दिवस लावलेलं स्टेरॉइड एकदम सोडलं तर चेहरा भडकतो, आग होते, आणि घाबरून बाया पुन्हा तीच ट्यूब हातात घेतात. ती कशी सोडायची हे स्किनच्या डॉक्टरांना विचारून कर. आणि अशा पातळ झालेल्या कातडीवर कोणालाही सुई लावू देऊ नको. आधी कातडी सावरू दे, काही महिने लागले तरी चालतील.

दुसरी गोष्ट पाळीची. सत्तावीस वर्षांच्या बाईला पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते आणि हनुवटीवर जाड केस आहेत, तर डॉक्टरच्या मनात पहिलं नाव पीसीओएसचंच, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडाचंच येणार. पण ते तपासल्यावर ठरतं, फोनवर नाही. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, वर्ध्याकडे जायला जमत असेल तर सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं आहेत. स्त्रीरोग आणि त्वचारोग, दोन्ही ओपीडी एकाच आवारात मिळतात, खाजगीपेक्षा खर्चही कमी. रक्तात टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन आणि साखर बघतात, सोनोग्राफी करतात. 17-हायड्रॉक्सीची तपासणी सकाळी आणि पाळीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत करायची असते, म्हणून पाळी आली की लगेच जा. लॅबवाला वीस-पंचवीस तपासण्यांचं 'लेडीज पॅकेज' पुढे करेल. डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच कर.

तुझे केस आठ वर्षांत हळूहळू वाढलेत, ते एका अर्थी बरं आहे. हेच जर तीन-चार महिन्यांत एकदम आले असते, आवाज घोगरा झाला असता, पुढून टाळू दिसायला लागली असती, तर मी तुला पत्राचं उत्तरसुद्धा वाचत बसू नको म्हटलं असतं. तसं असेल तर अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ नाही ना, हे तातडीनं बघावं लागतं.

आता हार्मोनचं आणि सुईचं नातं. सुईनं मारलेल्या मुळातून केस परत येत नाही. पण हार्मोन तसंच राहिलं तर शेजारची लव जाड होत राहते, आणि तुला वाटतं की पैसे पाण्यात गेले. म्हणून दोन्ही बरोबरीनं चालवायचं. डॉक्टर गोळ्या देतील. त्यातली स्पायरोनोलॅक्टोन असेल तर ती चालू असताना दिवस जाऊन चालत नाही, पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. लग्नाचं बोलणं सुरू असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांग. गोळ्यांचा फरक दिसायला सहा महिने तरी लागतात, आणि आधीच जाड झालेले केस नुसत्या गोळ्यांनी जात नाहीत.

लेझरबद्दल थोडक्यात. लेझर केसातला काळा रंग पकडतं. आपली कातडीही सावळी असल्यामुळे मशीन आणि माणूस दोन्ही चांगले लागतात. पांढऱ्या नि भुऱ्या केसावर ते चालतच नाही. अमेरिकेची एफडीए लेझरला 'कायमची घट' म्हणते, 'कायमचं काढणं' हे शब्द ती इलेक्ट्रोलिसिससाठीच वापरते. आणि जबड्याखाली, गळ्याला लेझर केल्यावर बारीक लव उलट जाड होणं हा डॉक्टरांना माहीत असलेला प्रकार आहे. विशेषतः सावळ्या कातडीच्या आणि हार्मोनची तक्रार असलेल्या बायांमध्ये तो दिसतो. तुझी समजूत चुकीची नाही. उरलेली दोन सीटिंग सोडून दे. पैसे गेले म्हणून चेहरा पुढे करू नको.

मग इलेक्ट्रोलिसिस. ही पद्धत नवी नाही. 1875 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरनं पापणीचे आत वळून बुबुळाला टोचणारे केस काढायला ती वापरली. एकेका केसाच्या छिद्रात केसाएवढीच बारीक सुई मुळापर्यंत सरकवायची आणि किंचित वीज सोडायची. ती तीन प्रकारची. गॅल्व्हॅनिकमध्ये मुळापाशी असलेल्या खारट ओलाव्यापासून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मूळ जाळतो. हे सावकाश चालतं, एकेका केसाला अर्धा-एक मिनिट सहज जातो. थर्मोलिसिसमध्ये उष्णतेनं मूळ मरतं, काम क्षणात होतं. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र. तिन्हींनी केस जातात. कोणता प्रकार भारी यावर क्लिनिकवाले भांडतात, तू त्यात पडू नको. सुई योग्य खोलीवर, योग्य कोनात जाते की नाही, सगळं तिथंच ठरतं, आणि ते मशीन करत नाही, हात करतो.

म्हणून तालुक्याच्या पार्लरमध्ये 'मशीन आहे' एवढ्यावर भुलू नको. पार्लरमध्ये गॅल्व्हॅनिक म्हणतात ती बहुतेक वेळा फेशियलची मशीन असते, चेहऱ्यावर फिरवायचे धातूचे रोलर असलेली. 'हाय फ्रिक्वेन्सी' म्हणतात ती जांभळा उजेड पडणारी काचेची नळी, मुरुमांसाठीची. दोन्ही नावं इलेक्ट्रोलिसिसच्या पुस्तकातही आहेत, त्यामुळे विचारलं तर समोरची 'हो हो, तेच' म्हणते आणि खोटंही बोलत नसते. पण सुईशिवाय इलेक्ट्रोलिसिस होत नाही. चिमट्यानं केस पकडून त्यातून करंट सोडायच्या मशीनही विकतात, त्यांनी केस कायमचा जातो याला काही आधार नाही. आणि सगळ्यात धोक्याची ती चामखीळ जाळायची कॉटरी. ती वरून कातडी जाळते. तीच टोक बदलून केसावर लावणारे आहेत, आणि मग हनुवटीवर खड्डे राहतात. केस परवडले, खड्डे नाही.

तुझी पार्लरवाली वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तिनं खरंच सुईचं काम शिकलं असेल, रोज करत असेल, तर तालुक्याला असल्यानं ती नागपूरपेक्षा चांगली, कारण हे काम वर्ष-दीड वर्ष चालतं आणि जवळचा माणूस टिकतो. पण 'करते' आणि 'रोज करते' यात फरक आहे. हे तिलाच विचार: आठवड्यात किती जणींचं करता? किती वर्षं? एखादी अशी बाई भेटवता का जिचं संपून वर्ष झालं? चालू असलेलीचा चेहरा कोणीही दाखवतं. संपून वर्ष झालेलीचाच खरा.

नागपुरातही हे सोपं नाही. लेझर आल्यावर बऱ्याच क्लिनिकनी सुया कपाटात ठेवल्या, कारण तासाभरात शंभर केसांवर वाकून बसण्यापेक्षा लेझर फिरवणं सोपं आणि किफायतीचं. पाटीवर इलेक्ट्रोलिसिस असतं, आत गेलं की लेझरचं पॅकेज गळ्यात मारतात. म्हणून फोनवरच विचार की सुई कोण धरणार. डॉक्टर स्वतः, की हाताखालची टेक्निशियन? दर वेळी तीच, की जी रिकामी असेल ती? डॉक्टरचं नाव मोठं आणि हात कालच लागलेल्या मुलीचा, असं फार होतं. उलट पंचवीस वर्षं हेच काम केलेली, डिग्री नसलेली टेक्निशियन एखाद्या एमडीपेक्षा सफाईनं सुई घालते. डॉक्टर असेल तर नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते, त्वचारोगाची पदवी किंवा डिप्लोमा एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल असा असतो, तेवढं बघ. पण भिंतीवरच्या चौकटीतलं 'इंटरनॅशनल कॉस्मेटॉलॉजी' सर्टिफिकेट पाहून काही ठरवू नको.

चांगला हात शोधायचा आणखी एक रस्ता आहे, तो कोणी सुचवत नाही. नागपूर-अमरावतीकडच्या तृतीयपंथी मैत्रिणींपैकी काहीजणींनी दाढीचे केस सुईनं काढून घेतलेले असतात. पूर्ण दाढी म्हणजे शेकडो तासांचं काम. कोण दुखवतं, कोण डाग पाडतं, कोण पैसे उकळतं, हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक नसतं. ओळख निघाली तर संकोच सोडून विचार.

एक नाव नक्की झालं की पॅकेज घेऊ नको, ॲडव्हान्स देऊ नको. फक्त पंधरा मिनिटांची ट्रायल माग, पैसे देऊन. जागा जबड्याखालची, कानाजवळची, स्कार्फमध्ये झाकणारी. ओठावर किंवा हनुवटीच्या मधोमध पहिल्यांदा कोणालाही हात लावू देऊ नको. आणि त्या पंधरा मिनिटांत तू गिऱ्हाईक नाही, इन्स्पेक्टर आहेस असं समज. हात धुतले का, ग्लोव्हज घातले का. सुई सीलबंद पाकिटातून तुझ्यासमोर काढली का, आणि संपल्यावर टाकली का. 'स्पिरिटनं पुसते ना' हे उत्तर चालत नाही, एकीची सुई दुसरीला लावली तर हिपॅटायटिस बी आणि सी पसरतात. तिथं चप्पल घालायची आणि निघायचं. डोक्यावर भिंगाचा दिवा आहे, की ट्यूबलाइटच्या उजेडात अंदाजे चाललंय? करंट कमीपासून सुरू केला की एकदम चढवला? एकाच ठिकाणचे लागून लागून केस काढतेय, की मधे जागा सोडतेय? लागून काढले की उष्णता एका जागी साठते आणि कातडी भाजते.

सगळ्यात मोठी खूण तुझ्या स्वतःच्या कातडीला कळेल. सुई जाताना टोचल्यासारखं वाटायला नको, करंटच्या वेळी चटका बसेल, तो बसणारच. पण त्यानंतर चिमट्यानं केस उचलताना खेच जाणवली, थ्रेडिंगसारखी, तर मूळ मेलं नाही, नुसता उपटला. मेलेल्या मुळाचा केस अलगद सरकून येतो. एखाददुसरा खेचला गेला तर ठीक, दर केसाला खेच बसत असेल तर तू थ्रेडिंगचेच पैसे दसपट दरानं देतेयस.

घरी आल्यावर काही तास लाली, थोडी सूज, दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या, हे चालतं. खपल्या नखानं काढायच्या नाहीत. पाणी भरलेले फोड, पू, मोठी काळी खपली, हे चालत नाही. सगळं ठीक दिसलं तरी तीन-चार आठवडे थांब. आपल्या रंगाच्या कातडीवर काळे डाग उशिरा उमटतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी 'छान झालं' म्हणून पुढची तारीख घेऊ नको. कान टोचल्यावर तुझ्या कानाच्या पाळीला गाठ आली होती का? आली असेल तर तुझ्या कातडीला केलॉइडची सवय आहे, ते ट्रायलच्या आधी सांग. साखर निघाली तरी सांग. तिळावरचा केस असेल तर तीळ आधी डॉक्टरांना दाखव.

ट्रायलला जायच्या आधी मात्र एक काम तुझं. थ्रेडिंग बंद. चिमटा, वॅक्स, सगळंच. केस उपटला की सुईला मूळ सापडत नाही. दोन-तीन महिन्यांत आजवर उपटलेले सगळे केस वर येतील आणि तुला वाटेल वाढले. वाढलेले नसतात, लपलेले होते. तोवर काय करायचं? दाढी करायची. चेहऱ्याच्या लहान रेझरनं, साबणाच्या फेसावर. आई ओरडेल, बाईमाणसानं दाढी करायची म्हणजे काय. तिला सांग, दाढी केल्यानं केस जाड होत नाही, टोक बोथट झाल्यानं हाताला राठ लागतो एवढंच. सुईच्या कामालाही दाढीच सोयीची. जायच्या तीन-चार दिवस आधी करून ठेव, तेवढ्या दिवसांत जे केस वर येतात तेच वाढीला लागलेले असतात, आणि सुई त्यांच्यावरच नीट बसते.

किती दिवस चालेल, हेही सांगते. एका वेचणीत शेतातला सगळा कापूस हाती येत नाही ना, कारण सगळी बोंडं एकदम फुटत नाहीत. केसांचंही तसंच, एका वेळी काही वाढीत असतात, काही झोपलेले. झोपलेला केस वर आला की त्याला गाठायचं. म्हणून हनुवटी-गळ्याला वर्ष ते दीड वर्ष धर, हार्मोन जोरात असेल तर दोन. सुरुवातीला जास्त तास लागतात, पुढे महिन्यातून एकदा, मग दोन महिन्यांतून एकदा. 'सहा सीटिंगमध्ये कायमचं' म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत ये.

शहरातल्या बाईला आठवड्याला पंधरा मिनिटं परवडतात. तुला यवतमाळहून पुढे दीडशे किलोमीटर नागपूर, म्हणजे अख्खा दिवस. त्यामुळे तू तीन आठवड्यांनी एकदा जाऊन तास-सव्वा तास बसायचं ठरव, आणि तसं आधीच बोलून घे. एसटीत 2023 च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार. दर मिनिटाचा आहे की तासाचा, आणि तुझी बस उशिरा आली तर काय, हेही विचारून ठेव. सुट्टीच्या आदल्या दिवशी करून घेतलंस तर उत्तम, कारण जिनिंगमध्ये रुईचे तंतू नि धूळ दिवसभर उडते, ती ताज्या छिद्रांवर नको. तो स्कार्फ रोज धुतलेला, सुती वापर. बधिर करायचं मलम डॉक्टरांनी सांगितलं तेवढ्याच जागेला लाव, अख्ख्या चेहऱ्याला फासू नको. हळद-बेसन, लिंबू, ब्लीच, आठवडाभर काही नाही. आणि सनस्क्रीन मात्र रोज, आपलं ऊन तुला ठाऊक आहे.

एप्रिलचं लग्न डोळ्यांपुढे ठेवून घाई केलीस तर कोणाच्याही हाती सापडशील. दिवाळीच्या आसपास तपासण्या कर, ट्यूब सुटू दे, थंडीत ट्रायल. कातडी साथ देत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत दोन-तीन बैठका होतील आणि हनुवटी थोडी विरळ दिसेल, तेवढंच. लग्नाच्या तीन आठवडे आधी सुई थांबव, लग्नाच्या सकाळी रेझर फिरव आणि खुशाल फोटोत उभी राहा. मे महिन्याच्या भट्टीत शक्यतो करू नको, जूनमध्ये पाऊस पडला की पुन्हा सुरू कर.

आणि आई 'लफडं' म्हणते त्याचं. तिला पैशाची काळजी असेल, किंवा लोकांना कळेल याची. तिला नागपूरला नेऊ नको, आधी यवतमाळच्या ओपीडीत ने. डॉक्टरच्या तोंडून 'पाळीची तक्रार आहे, औषध लागेल' हे ऐकलं की बाकीचं तिला तू समजावायची गरज पडणार नाही. पाळीची तक्रार म्हटलं की आया ऐकतात. नटण्याचा खर्च म्हटलं की नाही.

ट्रायल झाली की महिन्याभरानं लिही. त्या बाईनं सुई कुठून काढली आणि केस सरकून आला की खेचून, हे दोन्ही लिही.